महानसातला धूर

न्यायशास्त्राच्या अभ्यासाला आरंभ करणाऱ्या प्रत्येकाला एक डोंगर आणि एक स्वयंपाकघर भेटतेच. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे असे अनुमान करायचे. आणि धूर तेथे अग्नी, या व्याप्तीला दाखला द्यायचा तो महानसाचा, म्हणजे स्वयंपाकघराचा. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' शिकवताना आजही हाच दाखला येतो आणि विद्यार्थी तो निमूटपणे पाठ करतात. डोंगराबद्दल शंका संभवते, महानसाबद्दल नाही. तेथील धूर इतका रोजचा की तो सिद्ध करावा लागत नाही. त्या धुरात बसलेले माणूस मात्र या अनुमानात कोठेच येत नाही. तर्कशास्त्राला ते आणण्याचे कारण नव्हते, हे मान्य. परंतु घरातल्या हवेचा गेल्या शे-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहू लागले की असे वाटत राहते, कायदा करणारे, अभियंते आणि साहित्यिक या सर्वांनीच महानसाकडे बराच काळ केवळ दाखला म्हणून पाहिले.

साहित्याबद्दल आधी बोलू, कारण तो आपला प्रांत. तिन्हीसांजेला कौलांतून वर चढणारा निळसर धूर ही मराठी ग्रामीण वर्णनातली एक ठरलेली खूण आहे. घर नांदते आहे, चूल पेटली आहे, असा तिचा अर्थ. हे वर्णन करणारा बहुधा वेशीवर किंवा टेकाडावर उभा असतो. तेथून धूर सुंदरच दिसतो. आतल्या धुराची नोंद कथा-कादंबऱ्यांपेक्षा भाषेनेच अधिक प्रामाणिकपणे ठेवली आहे. फुंकणी, वैल, सरपण, काजळी, कोळिष्टके ही सारी त्याच खोलीतली शब्दसंपदा. धाब्याच्या घरात छपराला साणे ठेवीत, उजेड आत यावा आणि धूर बाहेर जावा म्हणून. पावसाळ्यात, म्हणजे लाकडे ओली असतानाच, ते झाकावे लागे. धुमसणे हे क्रियापद ओल्या सरपणालाही लागते आणि मनात कोंडलेल्या रागालाही, हा योगायोग मानायला माझे मन तयार होत नाही.

घरातली हवा हा सरकारी चिंतेचा विषय झाला तो १८९६ च्या मुंबईतील प्लेगनंतर. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले, आणि पुढे चाळींच्या खोल्यांना पुरेसे आकाश मिळावे म्हणून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम आणला. समोरची इमारत किती उंच असावी हे त्या कोनावरून ठरे. रोग कोंदट हवेत असतो, तेव्हा हवा खेळती ठेवा, अशी यामागची धारणा. बाहेरची हवा स्वच्छ असते, हे तिच्यात गृहीतच होते. तोवर गिरण्यांची धुराडी ते गृहीत काळे करू लागली होती, म्हणून धुराविरुद्ध कायदे झाले: बंगालचा १९०५ मध्ये, मुंबईचा १९१२ मध्ये. बंगालच्या कायद्याने भट्टीची व्याख्या करताना प्रेतदहनाची आणि खाजगी घरातल्या घरगुती वापराची आग वगळली. चिता आणि चूल एका वाक्यात, दोन्ही कायद्याच्या बाहेर! प्रशासनाच्या दृष्टीने हा व्यवहारी शहाणपणा असेल. पण घराच्या उंबऱ्याच्या आत धूर हा उपद्रव नव्हे, हेही त्यातून ठरून गेले.

त्या उंबऱ्याच्या आत प्रथम नेमकेपणाने पाहिले ते एका हृदयरोगतज्ज्ञ स्त्रीने. दिल्लीत काम करणाऱ्या डॉ. एस. पद्मावती यांनी फुप्फुसांच्या जुनाट विकारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होत गेलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. हा विकार पाश्चात्त्य देशांत मुख्यतः धूम्रपान करणाऱ्या उतारवयीन पुरुषांचा. दिल्लीत स्त्रिया जवळजवळ पुरुषांइतक्याच संख्येने येत होत्या, आणि पुरुषांहून कमी वयात. बिडी-सिगारेट तर त्यांतल्या फारच थोड्या ओढीत. मुलगी कळती झाल्यापासून चुलीपुढे बसते, तेथे याचे मूळ असावे, असा निष्कर्ष एस. एन. पाठक यांच्यासमवेत १९५९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केला. आज वाचताना हा शोध थरारून सोडतो. त्या वेळी तो सार्वजनिक प्रश्न झाला नाही. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ गेला. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन संशोधक कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच मोजणीयंत्रे बांधली. धुरातील कणांचे प्रमाण दर घनमीटरला सुमारे सात मिलिग्रॅम भरले. गिरणीच्या धुराड्याखाली उभे राहूनही एवढी हवा बिघडलेली मिळणे कठीण. हा निबंध १९८३ चा. पद्मावती आणि स्मिथ, दोघांचेही निधन २०२० मध्ये झाले.

उपाय शोधणारे त्याआधीही होतेच. वर्ध्याच्या मगनवाडीतून १९४० च्या दशकात मगन चूल आली, हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये धूररहित स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिली. १९८३ मध्ये सुरू होऊन २००२ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सुधारित चुली तीन कोटींहून अधिक बसल्या. बसल्या, आणि बऱ्याचशा लवकरच फुटल्या किंवा बाजूला पडल्या, कारण हिशेब ठेवला जाई तो चुलींचा आणि वाचलेल्या लाकडाचा. चूल सारवणाऱ्या बाईला नळकांडे साफ कसे करायचे, हे विचारणारे थोडेच होते. १ मे २०१६ रोजी बलिया येथून सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस कोट्यवधी घरांत नेला. सिलिंडर पुन्हा भरून घेणे परवडत नाही तेथे मात्र शेगडीशेजारी चूलही पेटत राहिली.

आज 'एअर प्युरिफायर' म्हणून जे यंत्र दुकानात मिळते, त्याचा वंश अगदी निराळा. विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांसाठी बनवलेला तंतूंचा कागद दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी वापरात आला आणि त्यातून हेपा गाळणी घडली. तिला चाळणी समजणे चूक आहे. मोठे कण वेगामुळे तंतूंवर आदळतात, अतिसूक्ष्म कण भरकटत जाऊन त्यांना चिकटतात. सर्वांत निसटता असतो तो मधला, सुमारे ०.३ मायक्रॉनचा. म्हणून परीक्षा त्याच्यावर घेतात, आणि शंभरातले ९९.९७ टक्के अडले तर गाळणी उत्तीर्ण. घरात हा विचार शिरला तो मात्र शेगडीपाशीच: १९६३ मध्ये जर्मनीतील हामेस बंधूंनी घर तापवणाऱ्या कोळशाच्या शेगडीने भिंती काळ्या पडू नयेत म्हणून एक साधी गाळणी विकायला काढली, असे त्यातून वाढलेली कंपनी सांगते. म्हणजे आधी भिंतीची काळजी, मग फुप्फुसाची. भारतात हे यंत्र चर्चेत आले ते विशेषतः जानेवारी २०१५ मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या दिल्लीभेटीच्या सुमारास अमेरिकी दूतावासाने अठराशेवर यंत्रे घेतल्याच्या बातमीने.

प्लेगनंतरची धारणा येथे पूर्ण उलटली आहे. खिडक्या बंद करा आणि आतलीच हवा फिरवून गाळा, असे यंत्राचे म्हणणे. कण ते खरोखर अडवते. नाकारण्यात अर्थ नाही. पण अर्धवट जळलेल्या इंधनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड हेपा गाळणीतून सुखेनैव पार होतो, आणि मिटलेल्या खोलीत श्वासातून निघणारा कर्बवायू साठत जातो. शिवाय धूर आतच जन्मत असेल तर गाळणी सतत त्याच्या मागेच धावणार. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार डासांची एक अगरबत्ती पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मधील लेखात धूम्रपान न करणाऱ्यांच्या दमछाकीच्या जुनाट विकाराकडे लक्ष वेधले, तेव्हा कारणांत चुलीच्या धुराला ठळक स्थान होते. पद्मावतींच्या निबंधाला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती.

यंत्र घरी आले की ते ठेवतात दिवाणखान्यात किंवा निजायच्या खोलीत. सोबतची माहितीपुस्तिका सहसा कोणी वाचत नाही. फोडणीच्या तेलकट वाफांनी गाळणी लवकर खराब होते, म्हणून अशा अनेक पुस्तिकांत एक सूचना छापलेली असते: हे यंत्र स्वयंपाकघरात वापरू नये.