रोशा तेल (खानदेश)

रोशा गवताच्या (तिखाडी, रोहिष, शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी) फुलोऱ्यापासून वाफेवर काढलेले सुगंधी तेल. व्यापारी नाव पामारोझा. गुलाबतेलात असणारे जिरॅनिऑल यात सुमारे ७० ते ९० टक्के असते, म्हणून वास गुलाबाच्या जवळ जातो.

एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदे व अक्राणी ही या धंद्याची ठिकाणे होती. पावसाळा सरता सरता भिल्लांकडून गवत विकत घेऊन मुसलमान भट्टीवाले ओढ्याकाठी भट्ट्या लावीत. हंड्याचे झाकण कणकेने लिंपलेले, बांबूच्या नळीवर उडदाच्या पिठाचा लेप, आणि तेल गोळा करणारा दुसरा हंडा वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेला. १८७९-८० साली अशा १९७ भट्ट्या होत्या. माल सुरतेला, तसाच धुळे-मनमाडमार्गे मुंबईला जाई. मुंबईहून तो तुर्कस्तानात पोचे आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळला जाई. खानदेशी तेलाचे नाव मात्र बाटलीवर कधी आले नाही!

भट्टीवाले कोवळ्या फुलोऱ्याच्या गवताला ‘मोतिया’ व पिकून लाल झालेल्याला ‘सोफिया’ म्हणत. पुढे हे एकाच गवताचे दोन वेगळे प्रकार असल्याचे ठरले. सोफियात जिरॅनिऑल कमी, म्हणून भावही कमी. लागवडीत खरी जोखीम हीच: बियाण्यात सोफिया मिसळलेला असेल तर पुढची कोणतीही मेहनत तेल सुधारत नाही. रोपे खात्रीच्या मोतिया बियाण्याचीच करावीत.

पाणी साचणारी भारी काळी जमीन या पिकाला मानवत नाही. जामनेरकडे अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याची हलकी, निचऱ्याची जमीन त्याहून बरी. तेल मुख्यतः फुलोऱ्यात असते, काडीत नगण्य. त्यामुळे पूर्ण फुलल्यावर कापणी करून गवत सावलीत सुकू द्यावे. लोखंडी हंड्याने तेलाचा रंग बिघडतो. स्टेनलेस स्टील चांगले.

रॉकेल किंवा खोबरेल यांची भेसळ ओळखायला ७० टक्के अल्कोहोल पुरते. शुद्ध तेल त्याच्या दोन-तीन पटींत विरघळून स्वच्छ राहते, भेसळीचे गढूळ होते.

जिरॅनिऑलने काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. युरोपीय संघात ठरावीक मर्यादेपलीकडे ते असल्यास सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर नाव छापणे सक्तीचे आहे. हे तेल अंगाला नुसते चोळू नये व पोटात घेऊ नये.