पगारातले दोनशे रुपये आणि पेठची आंब्याची बाग

आज आधी एक छोटं काम करा. नोकरी करत असाल तर मोबाईलवर तुमची सॅलरी स्लिप उघडा. कपातीच्या रकान्यात 'पीटी' दिसतंय? बहुतेकांच्या तिथे २०० रुपये असतील, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले अडीच हजार. हा व्यवसाय कर. आपण तो बघतो, जरा कुरकुरतो आणि विसरून जातो. पण हा कर सुरू का झाला, याची गोष्ट मोठी आहे. ती नाशिकहून पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या पेठपर्यंत जाते.

पेठ म्हणजे गुजरातच्या सीमेला लागून असलेला आपला आदिवासी तालुका. सावळघाट ओलांडला की हवाच बदलते. पावसाळ्यात धो-धो पाऊस. उतारावर भात, नागली, वरई. पण हे पाणी थांबत नाही, डोंगरावरून पश्चिमेला निघून जातं. उन्हाळ्यात त्याच गावांत हंडे घेऊन पायपीट. म्हणून भात घरात आला की माणसं बाहेर पडतात: दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा, नाहीतर नाशिकच्या बांधकामांवर. पोरांची शाळाही मग आई-बापांबरोबर फिरते, किंवा सुटते.

आता थोडं मागे जाऊ. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात त्यांच्या पुढाकाराने एक प्रयोग झाला. कल्पना साधी होती. ज्याला काम हवं, त्याला सरकारनं काम द्यायचं, आणि त्या कामातून गावात काहीतरी टिकणारं उभं राहायचं. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. आजी-आजोबांना विचारा, ते अजून सांगतील. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव.

पण पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये राज्यानं व्यवसाय कर लावला. मुंबई-पुण्यातल्या पगारदारांकडून, व्यापाऱ्यांकडून पैसे घ्यायचे, आणि रोजगार हमीसाठी जमा होईल त्यात सरकारनं तेवढीच भर घालायची. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. म्हणजे बघा, शहरानं खेड्यातल्या कामाचा खर्च उचलायचा, असा हा करार होता. २००५ मध्ये देशानं रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

१९९० मध्ये याला नवा फाटा फुटला. फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली. म्हणजे दुसऱ्याच्या रस्त्यावर खडी टाकण्याऐवजी स्वतःच्याच रानात खड्डे खणायचे, रोपं लावायची, आणि त्यासाठी सरकारी अनुदान मिळवायचं. पेठ-सुरगाण्याच्या उतारांवर आंबा, काजू दिसतात, त्यामागे या धोरणाचा हात आहे. आंब्याचं झाड माती धरून ठेवतं, सावली देतं आणि पुढची कितीतरी वर्षं चार पैसे देतं. आज आपण 'ग्रीन जॉब' म्हणतो ना? शब्द नंतर आला, काम आधीच झालं होतं.

सगळं गोड होतं असं नाही हं. मजुरी उशिरा मिळायची, हजेरीपटावर खोटी नावं चढायची. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे, एक काळ असा आला की रोजगार हमीचा निधी शिल्लक पडून आणि माणसं कामासाठी स्थलांतर करतायत. का? कारण काम मागावं लागतं, नमुना ४ भरून. जिथे संघटना होती, लोक मागत होते, तिथे काम निघालं. बाकीच्या ठिकाणी पैसा नुसता कागदावर.

आता आजकडे येऊ. पेठमध्ये आता नगरपंचायत आहे, आणि शहरांसाठी विजेच्या बचतीचा पैसा येतोय. २०१५ मध्ये केंद्रानं एलईडी बल्ब आणि पथदिव्यांच्या योजना सुरू केल्या. सरकारी कंपनीनं एकगठ्ठा खरेदी केली, आणि २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. पथदिव्यांची युक्ती अशी होती: पालिकेनं आधी पैसे घालायचे नाहीत, वाचलेल्या वीजबिलातून हप्ते फेडायचे. चांगली युक्ती, पण अनेक पालिकांचे हप्ते थकले. २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली. १ कोटी घरांचं लक्ष्य, ३ किलोवॅटच्या छतावरच्या पॅनेलला ७८ हजारांचं अनुदान. आपल्या हद्दीत पॅनेल बसलं की स्थानिक संस्थेलाही घरामागे हजार रुपये मिळतात. देशभरात १७ लाख रोजगार होतील, असा सरकारचा अंदाज आहे.

यात एक गोष्ट मात्र सुटलीय. रोजगार हमीत कायदा मजुराच्या बाजूनं होता: मागेल त्याला काम. केंद्राचा २००५ चा कायदा मात्र फक्त ग्रामीण भागापुरता होता. शहराच्या हद्दीतल्या दिव्यांच्या आणि पॅनेलच्या कामाला अशी काहीच हमी नाही. वीज किती वाचली याचा हिशेब होतो. दिवा कोणी बसवला, बंद पडल्यावर खांबावर कोण चढतं, याचा होत नाही. बाहेरचा ठेकेदार आला, आठवड्यात काम उरकून गेला, तर वीज वाचेल, पण द्राक्षबागेकडे जाणारी जीप तशीच भरून जाईल.

म्हणून पैसा आला की तीन गोष्टी निविदेतच लिहायला हव्यात. आयटीआय झालेल्या स्थानिक पोरा-पोरींना काम. पाच वर्षांच्या देखभालीचा पगार. आणि वाचलेल्या बिलातला ठरलेला वाटा वेगळ्या खात्यात, म्हणजे तो पैसा दुसरीकडे वळणार नाही. पागेंच्या काळात व्यवसाय करानं हेच केलं होतं: पैशाला नाव दिलं.

तुमच्या गावात नवे दिवे लागले, तर नगरपंचायतीत जाऊन दोनच प्रश्न विचारा. बिल किती कमी झालं? आणि त्यातून गावातल्या किती जणांना काम मिळालं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचारा. नमुना ४ सुद्धा न मागता कुणाला मिळाला नव्हता.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ती सॅलरी स्लिप जपून ठेवा!