नरक्या

झाडाला नाव ठेवताना आपली माणसं भीडभाड ठेवत नाहीत. राधानगरी, आंबा भागातल्या सह्याद्रीत पावसाळ्यात एक छोटेखानी झाड फुलतं. फुलं बारीक, पिवळसर पांढरी. पण वास असा की जाणारा नाक धरतो. म्हणून ते नरक्या. शास्त्रज्ञांनीही त्याला दुर्गंधावरूनच ‘मॅपिया फीटिडा’ म्हटलं होतं. आज पुस्तकात ते ‘नोथापोडायटिस निम्मोनियाना’ आहे.

या लाकडाचा गुण कळला तो चीनमार्गे. १९६६ मध्ये अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून ‘कॅम्प्टोथेसिन’ हे द्रव्य वेगळं केलं. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. १९७२ मध्ये गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात सापडलं, आणि तेही चिनी वृक्षापेक्षा जास्त. त्या वृक्षाला चिनी लोक ‘आनंदाचं झाड’ म्हणतात. एकाच औषधाची दोन घरं, एकाचं नाव आनंद, दुसऱ्याचं नरक! कवितेत मी असं लिहिलं असतं, तर ओढूनताणून जुळवलंय म्हणाला असतात.

हे द्रव्य करतं काय? पेशीतला डीएनए दोरखंडासारखा पिळलेला असतो. पेशी दुप्पट होताना तो पीळ सैल करावा लागतो. त्यासाठी एक विकर दोरखंडाचा एक पदर कापतं, पीळ सोडवतं आणि पदर पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं या सांध्यात अडकून बसतं. पदर तुटलेलाच राहतो आणि झपाट्यानं वाढणारी कर्कपेशी मरते. हे कोडं १९८५ मध्ये उलगडलं. त्याआधी अमेरिकेत रुग्णांवरचे प्रयोग थांबवावे लागले होते, कारण मूळ द्रव्य फार जहाल. आतडी आणि मूत्राशय त्यानं पोळत. तेव्हा नरक्याची साल उकळून कुणी पिऊ नये, हे इथंच सांगून ठेवतो. त्याच्या रेणूत फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं झाली. १९९६ मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. पहिलं बीजकोशाच्या, दुसरं मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर.

आणि इथंच झाडाची रचना झाडाच्या मुळावर आली. तुळशीसारखं पानात औषध असतं, तर पानं खुडून भागलं असतं. नरक्याचा साठा खोडात आणि मुळात. पानांत अगदी थोडा. शंभर किलो वाळल्या लाकडातून साधारण शंभर ग्रॅम द्रव्य निघतं. परदेशात मागणी वाढली तशी कोल्हापूर, सिंधुदुर्गाच्या जंगलात चोरटी तोड सुरू झाली. खोडाचे तुकडे पोत्यांत भरून रातोरात घाट उतरू लागले. पकडला जातो तो बहुधा कुऱ्हाडवाला किंवा टेम्पोवाला. माल मागवणारा क्वचितच.

झाड तसं चिवट आहे. बुंधा राखून तोडलं तर खालून फुटवे येतात. मूळच खणलं, की तेही नाही.