राजापूरच्या बोटीचा कोल्हापुरी पाईप

मे महिन्याच्या शेवटी मामाची बोट साखरीनाट्याला किनाऱ्यावर ओढून ठेवली, तेव्हा तिच्या इंजिनाच्या एका पाईपला सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळलेली होती. हंगामाच्या शेवटच्या फेरीत पाण्याचा रबरी पाईप फाटला होता. तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला, इंजिन बंद करावं लागलं, आणि गार होऊ दे म्हणून दोन तास बोट नुसती लाटांवर डुलत राहिली.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. डागडुजीला तेवढेच दोन महिने.

“दिवसभर फोनमध्ये असतोस ना?” मामा म्हणाला. “मग पाईप शोध. १ ऑगस्टला बोट पाण्यात गेली पाहिजे.”

मला वाटलं, तासाभराचं काम आहे.

आधी हे पाईप करतात काय ते सांगतो. डिझेल इंजिन गार ठेवायला त्याच्याभोवती पाणी फिरवावं लागतं. ट्रकमध्ये ते पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये जातं आणि वाऱ्याने थंड होतं. बोटीत इंजिन पोटात असतं, तिथे वारा कुठून येणार? म्हणून दोन पाणी असतात. एक गोडं, ते इंजिनातच गोल फिरतं. दुसरं समुद्राचं, पंपाने बाहेरून ओढलेलं. एका बंद टाकीत बारीक नळ्या असतात. नळ्यांच्या एका बाजूने खारं पाणी जातं, दुसऱ्या बाजूने गोडं. पाणी मिसळत नाही, उष्णता तेवढी खाऱ्या पाण्यात जाते आणि समुद्रात परत सोडली जाते. या सगळ्याला जोडणारे तुकडे रबराचेच लागतात, कारण इंजिन सतत थरथरतं. तिथे लोखंडी नळी ठेवली तर काही दिवसांत तडकेल.

रबर मात्र म्हातारं होतं. उष्णतेने कडक होतं, तेल लागलं की फुगतं. वरून धडधाकट दिसणारा पाईप आतून सोललेला असतो. त्यातला समुद्राकडचा पाईप फुटला तर प्रश्न इंजिनाचा राहत नाही. बोटीतच पाणी भरायला लागतं.

फोनवर शोधलं तर परदेशी दुकानं सापडली, डॉलरमधल्या किमती दिसल्या, आणि प्रत्येक जण एकच विचारत होता: इंजिनाचं मॉडेल कोणतं? मामाला विचारलं. “बोटीचं इंजिन. सहा सिलिंडर.” याच्यापलीकडे त्याला कधी काही लागलंच नव्हतं. इंजिनावर हिरव्या रंगाचे इतके थर होते की नावाची पट्टी दिसेना.

शेवटी राजापुरातून महामार्गावरचा एक मेकॅनिक घेऊन गेलो. तो ट्रक दुरुस्त करतो. त्याने बोटीत उतरून बॅटरी मारली आणि हसला. “हे बोटीचं कसलं? हे ट्रकचं इंजिन आहे. लेलँड.” पत्र्याने रंग खरवडला. खालून आकडा निघाला: ४००.

त्या आकड्यात निम्मी गोष्ट आहे. सहाही सिलिंडरांचं मिळून आकारमान ४०० क्युबिक इंच, म्हणजे साधारण साडेसहा लिटर. इंचांतलं माप, कारण इंजिनाचं घराणं इंग्रजी. लँकेशरमधल्या लेलँड नावाच्या गावात १८९६ साली वाफेवर चालणाऱ्या गाड्या करणारा एक कारखाना निघाला. पुढे तो डिझेल ट्रक करू लागला. इकडे मद्रासला १९४८ मध्ये अशोक मोटर्स सुरू झाली, ती ऑस्टिन मोटारी जोडायला. नंतर लेलँडशी करार झाला आणि १९५५ मध्ये कंपनीचं नाव अशोक लेलँड पडलं. त्यांच्या ट्रकचं इंजिन रेडिएटर काढून, खाऱ्या पाण्याची व्यवस्था बसवून बोटींसाठीही विकलं जाऊ लागलं.

शिडाच्या होड्यांवर इंजिन बसवण्याची मोहीम स्वातंत्र्यानंतर जोरात सुरू झाली. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि केरळात नींदकरा इथे यांत्रिक बोटींचा मोठा प्रकल्प उभा राहिला. पण बोटीवर इंजिन बसवणं सोपं, ते चालू ठेवणं अवघड. सुटा भाग कुठून आणायचा? ट्रकचं इंजिन इथेच कामाला आलं. ट्रक जिथे जातो तिथे त्याचा मेकॅनिक जातो आणि त्याचे सुटे भागही जातात.

म्हणजे मी चुकीच्या दिशेला शोधत होतो. समुद्राकडे पाठ करून रस्त्याकडे बघायला हवं होतं.

राजापूरसाठी ही उलटी गोष्ट आहे. हे गाव समुद्राकडे तोंड करूनच मोठं झालं. सतराव्या शतकात इथे इंग्रजांची वखार होती. जहाजं खाडीतून वर यायची, माल अणुस्कुरा घाटाने बैलांच्या पाठीवर देशावर चढायचा. याच वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन १६६० मध्ये दारूगोळा घेऊन पन्हाळ्याला गेला, सिद्दी जौहरच्या मदतीला. शिवाजी महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूर घेतलं, वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैदेत टाकलं.

बंदराला खरा मार बसला तो गाळाचा. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये नोंद आहे की जिल्ह्यात अरबी गलबतं थेट येतात असं राजापूर हे एकच बंदर उरलं आहे, पण मोठं जहाज जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नाही. पुढे आगबोटी आल्या, त्या खाडीच्या तोंडाशी जैतापूरला थांबायच्या. माझी आजी लग्नानंतर मुंबईला गेली ती तिथूनच. मग रस्ता झाला, एसटी आली, ट्रक आले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. आगबोट कधीच गेली होती.

राजापुरात दोन पाईप मिळाले, तिसरा, वाकडा, मिळेना. मेकॅनिक म्हणाला, “कोल्हापूर. उद्यमनगर.”

ओणी, पाचल, मग अणुस्कुरा. घाटात धुकं इतकं की पुढचा टेम्पो दिसेना. मलकापूर गेलं, उजाडल्यासारखं झालं, आणि पन्हाळ्याचा फाटा आला. मांडीवर पिशवीत फाटका पाईप. साडेतीनशे वर्षांपूर्वी राजापूरहून पन्हाळ्याकडे समुद्रावरून आलेला माल जात होता. मी समुद्रावर जायचा माल आणायला निघालो होतो.

उद्यमनगरात शेतीच्या पंपांपासून उसाच्या गुऱ्हाळापर्यंत लागणारी इंजिनं घडली, दुरुस्त झाली. तिथल्या दुकानदाराने पाईप हातात घेतला. “पाव्हणं, गाडी कुठली?”

“गाडी नाही. बोट आहे.”

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि व्हर्नियर काढला. मी पाईपचं तोंड पुढे केलं तर म्हणाला, “ह्याचं माप घेऊन उपयोग नाही, हा फुगलाय. इंजिनाच्या नळीचं माप आणलंय का?” मेकॅनिकने लिहून दिलं होतं: पावणेदोन इंच. म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. दुकानात होता ४५ चा. तेवढा फरक क्लिप आवळून घेते. पण वाक जुळेना. त्याने माळ्यावरून ट्रकचे पाच-सहा लांब पाईप खाली टाकले आणि फाटक्यावर एकेक धरून बघितला. चौथ्याच्या मधला वाक तंतोतंत बसला. दोन्ही टोकं कापली. झाला बोटीचा पाईप.

समुद्राकडच्या बाजूला मात्र त्याने हा दिला नाही. पंप पाणी ओढतो तेव्हा साधा पाईप आत चेपतो आणि पाणी थांबतं. तिथे आत तार असलेला जाड पाईप, आणि प्रत्येक टोकाला दोन-दोन स्टेनलेसच्या क्लिपा.

स्क्रूने आवळायची ही क्लिप कुणी शोधली ते परतताना फोनवर वाचलं. ब्रिटिश नौदलातला एक अधिकारी, लमली रॉबिन्सन, १९२१ चं पेटंट. सगळं ट्रकचं निघालं, पण क्लिप दर्यावर्दी माणसाची होती. मामाला हे सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, “मग नीट आवळ.”

१ ऑगस्टला पहाटे इंजिन सुरू केलं. मामा सुकाणूवर, मी खाली बॅटरी घेऊन. प्रत्येक सांध्यावर बोट फिरवलं. कोरडं. काटा वर चढला, मध्यावर आला आणि तिथेच थांबला. जुना पाईप मी टाकायला निघालो तर मामाने तो हातातून घेतला आणि फळीखाली ठेवला.

“राहू दे. पुढच्या वेळी कोल्हापूरला दाखवायला लागेल.”