क्रमविकास-शिक्षणविषयक वाद

सजीवांच्या क्रमविकासाचा (उत्क्रांतीचा) सिद्धांत सार्वजनिक शाळांत शिकवावा की नाही, शिकवल्यास कोणत्या स्वरूपात आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, यांविषयी विसाव्या शतकात मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उद्भवलेले वाद. विज्ञान आणि धर्म यांच्यातील सरळ झुंज अशी या वादांची लोकप्रिय प्रतिमा आहे. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना श्रद्धावान माणसे होती आणि विज्ञानाच्या बाजूचे युक्तिवादही सर्वस्वी निर्दोष नव्हते. न्यायालयांतील निकालांची चर्चा फार झाली. तथापि विद्यार्थ्यांपर्यंत काय पोहोचले, हे पुष्कळदा पाठ्यपुस्तकांतील मजकुराने आणि शिक्षकांच्या बोलण्या-न बोलण्यानेच ठरले.

पार्श्वभूमी : चार्ल्स डार्विन (१८०९–८२) याचा ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज हा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी ३० जून रोजी ऑक्सफर्ड येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात बिशप सॅम्युएल विल्बरफोर्स आणि टॉमस हेन्री हक्सली यांच्यात चकमक झाली. तिचा शब्दशः वृत्तांत त्या वेळी कोणी टिपून ठेवला नव्हता. आज प्रचलित असलेली तिची नाट्यपूर्ण हकीकत बव्हंशी नंतरच्या आठवणींवर आधारलेली आहे. सर्व सजीवांची उत्पत्ती समान पूर्वजांपासून झाली, हा विचार जीववैज्ञानिकांनी सु. वीस वर्षांत स्वीकारला. नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाला मात्र आनुवंशिकीची जोड मिळून सर्वमान्यता लाभण्यास १९३०–४० ही दशके उजाडावी लागली [→ क्रमविकास].

अमेरिकेत डार्विनचा पहिला मोठा पुरस्कर्ता हार्व्हर्ड विद्यापीठातील वनस्पतिवैज्ञानिक एसा ग्रे (१८१०–८८) हा धर्मनिष्ठ प्रॉटेस्टंट होता. बायबलमधील सृष्टिनिर्मितीचे सहा दिवस म्हणजे सहा दीर्घ कालखंड होत, असा अर्थ अनेक धर्मपंडित लावीत असत. त्यामुळे ग्रंथप्रकाशनानंतर जवळजवळ साठ वर्षे हा वाद विद्वानांपुरता राहिला. त्याचा कायद्याशी संबंध आला नाही.

परिस्थिती पालटली ती शिक्षणाच्या प्रसारामुळे. अमेरिकेतील सार्वजनिक माध्यमिक शाळांत १८९० मध्ये सु. २ लाख विद्यार्थी होते. १९२० पर्यंत ही संख्या सु. २० लाखांवर गेली. शेतकरी व कारागीर यांची मुले प्रथमच जीवविज्ञानाचे पुस्तक घरी आणू लागली आणि त्यातील मजकूर पालकांच्या नजरेस पडू लागला. याच सुमारास बायबलच्या शब्दप्रामाण्याचा आग्रह धरणारी मूलतत्त्ववादी चळवळ संघटित होत होती. द फंडामेंटल्स ही तिची पुस्तिकामाला १९१०–१५ या काळात प्रसिद्ध झाली.

या चळवळीला विल्यम जेनिंग्झ ब्रायन (१८६०–१९२५) याच्या रूपाने राष्ट्रीय कीर्तीचा वक्ता लाभला. डेमॉक्रॅटिक पक्षातर्फे तो तीनदा (१८९६, १९००, १९०८) राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढला होता आणि शेतकरी व कामगार यांचा कैवारी म्हणून त्याची ख्याती होती. त्याचा आक्षेप दुहेरी होता. शाळा लोकांच्या करांवर चालतात, म्हणून तेथे काय शिकवावे हे लोकांनी ठरवावे, हा पहिला. आणि बलवंतांनी दुर्बलांना मागे सारावे या कल्पनेला डार्विनवादातून नैतिक मान्यता मिळते व पहिल्या महायुद्धामागील लष्करशाहीला तिनेच बळ दिले, हा दुसरा.

स्कोप्स खटला : टेनेसी राज्याच्या विधिमंडळात जॉन वॉशिंग्टन बटलर या शेतकरी सदस्याने मांडलेल्या विधेयकावर राज्यपाल ऑस्टिन पे याने २१ मार्च १९२५ रोजी स्वाक्षरी केली. बायबलमधील मानवनिर्मितीची कथा नाकारणारा आणि मनुष्य खालच्या प्राण्यांपासून उद्भवला असे सांगणारा कोणताही सिद्धांत सरकारी शाळांत शिकविणे या कायद्याने गुन्हा ठरले. गुन्ह्यास १०० ते ५०० डॉलर दंड होता. कायद्याची घटनात्मकता पडताळून पाहण्यासाठी ‘अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन’ या नागरी स्वातंत्र्यवादी संघटनेने खटला लढण्यास तयार असणाऱ्या शिक्षकास साहाय्य देऊ केले. डेटन या लहान गावातील काही प्रतिष्ठितांना यात गावाच्या प्रसिद्धीची संधी दिसली. त्यांनी एका औषधांच्या दुकानात बसून २४ वर्षे वयाच्या जॉन टॉमस स्कोप्स (१९००–७०) या शिक्षकाला आरोपी होण्यास राजी केले.

खटला १० ते २१ जुलै १९२५ या काळात न्यायाधीश जॉन रॉलस्टन याच्यापुढे चालला. फिर्यादी पक्षाला ब्रायनचे साहाय्य होते, तर बचाव पक्षात क्लॅरन्स डॅरो (१८५७–१९३८) हा विख्यात वकील होता. शिकागोच्या नभोवाणी केंद्राने कामकाजाचे थेट प्रक्षेपण केले; अमेरिकेतील खटल्याचे असे हे पहिलेच प्रक्षेपण होय. वैज्ञानिकांची साक्ष ज्यूरीपुढे होऊ देण्यास न्यायाधीशाने नकार दिल्यावर २० जुलै रोजी न्यायालयाबाहेरील हिरवळीवर डॅरोने बायबलचा जाणकार म्हणून खुद्द ब्रायनचीच साक्ष घेतली. सृष्टिनिर्मितीचे दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असे नाही, हे ब्रायनने तीत मान्य केले. दुसऱ्या दिवशी ज्यूरीने नऊ मिनिटांत स्कोप्सला दोषी ठरविले व न्यायाधीशाने १०० डॉलर दंड केला. त्यानंतर पाच दिवसांनी, २६ जुलै रोजी, ब्रायनचे डेटन येथेच निधन झाले.

स्कोप्सने वापरलेले जॉर्ज विल्यम हंटर याचे अ सिव्हिक बायॉलॉजी (१९१४) हे पुस्तक राज्य शासनानेच मंजूर केलेले होते. एकीकडे शासन ते पुस्तक नेमीत होते आणि दुसरीकडे त्यातील एक प्रकरण शिकविणाऱ्यास दंड करीत होते. याच पुस्तकात मानववंशांची उच्चनीच श्रेणी लावलेली होती, तसेच ‘हीन’ समजल्या गेलेल्या कुटुंबांच्या वंशवाढीस आळा घालावा, या सुप्रजननवादी मताचा पुरस्कारही होता. ब्रायनचा वैज्ञानिक पक्ष चुकीचा होता. परंतु विज्ञानाच्या नावाने शाळेत जे काही शिकविले जात होते, ते सर्वच विज्ञान नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९२७ मध्ये कायदा वैध ठरविला. शिक्षा मात्र रद्द केली. कारण राज्याच्या संविधानानुसार ५० डॉलरांवरील दंड ज्यूरीने ठरवावयास हवा होता आणि येथे तो न्यायाधीशाने ठरविला होता. शिक्षाच उरली नाही, म्हणून प्रकरण वरच्या न्यायालयात नेण्याचा मार्गही बंद झाला.

पाठ्यपुस्तकांतील मौन : वृत्तपत्रांनी मूलतत्त्ववाद्यांची थट्टा केली आणि विज्ञानाचा विजय झाला, असा समज पसरला. वस्तुस्थिती उलट होती. मिसिसिपी (१९२६) आणि आर्‌कॅन्सॉ (१९२८, सार्वमताने) या राज्यांनी तशीच बंदी घातली. त्याहून दूरगामी परिणाम प्रकाशकांवर झाला. एकच पुस्तक अनेक राज्यांत खपवावयाचे असल्याने वादग्रस्त शब्द टाळणे त्यांना सोयीचे वाटले. हंटरच्या पुस्तकाच्या १९२६ च्या सुधारित आवृत्तीतून ‘क्रमविकास’ हा शब्दच वगळण्यात आला. इतर अनेक पुस्तकांत हा विषय शेवटच्या प्रकरणात ढकलला गेला किंवा नाहीसा झाला. ज्या राज्यांत बंदी नव्हती, तेथील विद्यार्थीही अशा रीतीने सु. तीन दशके या विषयास पारखे झाले.

हे मौन सुटण्याचे कारण लष्करी चढाओढीचे होते. सोव्हिएट रशियाने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुट्‌निक–१ हा उपग्रह सोडल्यावर विज्ञानशिक्षणात आपण मागे पडलो, या जाणिवेने अमेरिकेत खळबळ उडाली. शिक्षणासाठी केंद्रीय निधी उपलब्ध झाला. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या जीवविज्ञान अभ्यासक्रम मंडळाने तज्ञांकडून नवी पाठ्यपुस्तके लिहवून घेतली. १९६३ मध्ये बाजारात आलेल्या या पुस्तकांत क्रमविकास हे एक प्रकरण नसून सर्व विषयाचे सूत्र होते.

न्यायालयीन निर्णय : नव्या पुस्तकांमुळे जुन्या कायद्यांतील विसंगती उघड झाली. आर्‌कॅन्सॉतील लिट्ल रॉक येथील शाळेने १९६५ मध्ये असे पुस्तक नेमले, तेव्हा सूझन एपरसन या तरुण शिक्षिकेपुढे पेच उभा राहिला : नेमलेले प्रकरण शिकवावे तर गुन्हा आणि न शिकवावे तर कर्तव्यच्युती. त्यांनी न्यायालयात धाव घेतली. एव्हाना घटनात्मक स्थितीही बदलली होती. शासनाने कोणत्याही धर्माची प्रस्थापना करू नये, हे अमेरिकेच्या संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीतील तत्त्व राज्य शासनांनाही बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४७ मध्ये स्पष्ट केले होते. स्कोप्सच्या वेळी हा आधार उपलब्ध नव्हता. टेनेसीने आपला कायदा १९६७ मध्ये स्वतःहून रद्द केला आणि १२ नोव्हेंबर १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आर्‌कॅन्सॉचा कायदा घटनाबाह्य ठरविला.

बंदी अशक्य झाल्यावर विरोधाचे रूप पालटले. बायबलमधील निर्मितिकथेला पर्यायी विज्ञान म्हणून मांडणारा ‘निर्मितिविज्ञान’ हा पंथ पुढे आला व दोन्ही मतांना वर्गात समान वेळ द्यावा, अशी मागणी होऊ लागली. आर्‌कॅन्सॉने १९८१ मध्ये तसा कायदा केला. त्याविरुद्ध वादी म्हणून उभे राहिलेल्यांत मेथडिस्ट, एपिस्कोपल व रोमन कॅथलिक पंथांचे धर्माधिकारी होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. न्यायाधीश विल्यम ओव्हरटन याने ५ जानेवारी १९८२ रोजी दिलेल्या निकालात विज्ञान कशास म्हणावे याची छाननी केली. नैसर्गिक नियमांवर आधारलेले, निरीक्षणाने पडताळता येणारे, चुकीचे ठरण्याची शक्यता स्वीकारणारे व म्हणूनच तात्पुरते असलेले ज्ञान म्हणजे विज्ञान. या कसोट्यांना निर्मितिविज्ञान उतरत नाही, असे त्याने नमूद केले. लुइझिअ‍ॅना राज्याचा याच स्वरूपाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९ जून १९८७ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला.

यानंतर ‘बुद्धिपुरस्सर रचना’ ही संज्ञा प्रचारात आली. पेन्सिल्व्हेनियातील डोव्हर येथील शाळामंडळाने ऑक्टोबर २००४ मध्ये ही कल्पना विद्यार्थ्यांच्या कानावर घालण्याचे ठरविले. त्याविरुद्ध अकरा पालकांनी दावा लावला. संदर्भ म्हणून सुचविलेल्या पुस्तकाचे जुने मसुदे न्यायालयात तपासले असता १९८७ च्या निकालानंतर त्यांतील निर्मितिवाचक शब्दांच्या जागी केवळ नवी संज्ञा घातल्याचे आढळून आले. वादींच्या बाजूने साक्ष देणारे प्रमुख जीववैज्ञानिक केनेथ मिलर हे स्वतः श्रद्धावान कॅथलिक होते. न्यायाधीश जॉन जोन्स (तिसरा) यांनी २० डिसेंबर २००५ रोजी ही कल्पना विज्ञान नव्हे, असा निर्णय दिला. त्याआधी नोव्हेंबरमध्ये झालेल्या निवडणुकीत मतदारांनी त्या धोरणाच्या समर्थक सदस्यांना पराभूत केले होते.

निकालांनी वर्गातील स्थिती मात्र पूर्णतः पालटली नाही. २००७ मध्ये जीवविज्ञानाच्या ९२६ शिक्षकांच्या राष्ट्रीय पाहणीत सु. २८ टक्के शिक्षक हा विषय निःसंदिग्धपणे शिकवितात, सु. १३ टक्के उघडपणे निर्मितिवादाची बाजू घेतात आणि उरलेले सु. ६० टक्के वाद टाळण्यासाठी सावधपणे बाजूने निघून जातात, असे दिसून आले. २०१९ च्या पाहणीत या स्थितीत बरीच सुधारणा आढळली.

भारतातील पडसाद : भारतात क्रमविकासाचे अध्यापन प्रदीर्घ काळ विनातक्रार चालू होते. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथील एका वैदिक संमेलनाच्या प्रसंगी तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिक दृष्ट्या चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून बदलावा, असे मत मांडले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचे खंडन केले आणि अभ्यासक्रम तसाच राहिला. पुढे करोना साथीनंतर विद्यार्थ्यांवरील भार हलका करण्याच्या कारणास्तव राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील ‘आनुवंशिकता आणि क्रमविकास’ या प्रकरणातून क्रमविकासाचा भाग वगळला. २०२३ मध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक इत्यादींनी जाहीर पत्राद्वारे त्यास विरोध दर्शविला. बारावीच्या जीवविज्ञानात हा विषय ठेवलेला असला, तरी दहावीनंतर विज्ञानशाखेकडे न जाणारे विद्यार्थी त्यास मुकतात, हा आक्षेपाचा गाभा होता. येथे धर्मवचनाचा आधार घेतलेला नव्हता. कारणही निराळे होते. तथापि मोठ्याने मांडलेल्या मतापेक्षा गाजावाजा न करता गाळलेला मजकूर अधिक परिणामकारक ठरतो, हा अमेरिकेतील १९२६ नंतरचा अनुभव येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

मूल्यमापन : लोकशाहीत शाळा लोकांच्या असतात, हा ब्रायनचा मुद्दा आजही विचारार्ह आहे. कोणते विषय शिकवावेत, त्यांवर किती खर्च करावा, हे लोकप्रतिनिधी ठरवू शकतात. परंतु एखादे वैज्ञानिक विधान खरे की खोटे, हे बहुमताने ठरत नाही. न्यायालयांनी ही सीमारेषा आखून दिली. तिच्या आत शिक्षकाला निर्भयपणे बोलता येणे आणि त्याच्या हातातील पुस्तक अपुरे नसणे, या दोन गोष्टी मात्र कोणत्याही निकालाने आपोआप साध्य होत नाहीत. वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास करणे हे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने भारतीय नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. ते पार पाडण्याची सुरुवात वर्गातच व्हावयास हवी.