अमेरिकेतील शासकीय गृहकर्जविमा आणि वर्णभेद (१९३४–१९६८)

प्रस्तावना

१९२९ च्या महामंदीपूर्वी अमेरिकेतील गृहकर्जे बहुधा तीन ते पाच वर्षांच्या मुदतीची असत. घराच्या किमतीचा मोठा हिस्सा खरेदीदारास स्वतः उभा करावा लागे. मुदतीअखेर उरलेली मुद्दल एकरकमी फेडावी लागे किंवा कर्जाचे नूतनीकरण करून घ्यावे लागे. मंदीत बँका बुडू लागल्या, नूतनीकरण थांबले आणि असंख्य कुटुंबांची घरे गेली. या संकटातून उभ्या राहिलेल्या शासकीय साहाय्याचे स्वरूप व त्याच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साहाय्याचे स्वरूप

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत, १९३४ च्या राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्यान्वये 'फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन' ही संस्था स्थापन झाली. ही संस्था स्वतः कर्ज देत नसे. खाजगी बँकांच्या कर्जाचा विमा उतरवीत असे. विम्याचा भार कर्जदारावर पडे आणि कर्ज बुडाल्यास बँकेची हानी भरून निघे. त्यामुळे किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, २० वर्षे मुदतीचे व मासिक हप्त्यांनी फिटणारे कर्ज देणे बँकांना परवडू लागले. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांनाही कर्जहमी मिळाली. स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण १९४० मध्ये ४३.६ टक्के होते. १९६० मध्ये ते ६१.९ टक्के झाले. युद्धोत्तर समृद्धीबरोबरच या कर्जव्यवस्थेचाही त्यात मोठा वाटा होता.

जोखमीची व्याख्या

विमा म्हटला की जोखमीचे मापन आलेच. संस्थेच्या १९३८ च्या नियमपुस्तिकेने मिश्र वस्ती मालमत्तेच्या मूल्यास बाधक मानली आणि कृष्णवर्णीयांना घर विकण्यास मनाई करणाऱ्या करारांचा पुरस्कार केला. परिणामी पुरेसे उत्पन्न असलेले कृष्णवर्णीय कुटुंबही बहुधा या साहाय्यास मुकले. शिकागोत अशा अनेकांनी चढ्या किमतीच्या हप्ताकरारावर घरे घेतली. त्यात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विक्रेत्याकडेच राही. एखादा हप्ता चुकला तरी घर व भरलेले पैसे दोन्ही गमावण्याची वेळ येई. असे मनाईकरार न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. तथापि गृहनिर्माणातील भेदभावास व्यापक कायदेशीर बंदी १९६८ मध्येच आली.

निष्कर्ष

शासनाने बँकेची जोखीम स्वतःकडे घेतली, परंतु जोखमीची कल्पना मात्र बाजारातील पूर्वग्रहांतूनच उचलली. घर ही पुढील पिढीकडे जाणारी संपत्ती असल्याने त्या तीन दशकांतील नकाराचा परिणाम नातवंडांपर्यंत पोहोचला. म्हणून गृहकर्ज साहाय्याचे मूल्यमापन करताना किती घरे झाली याबरोबरच अर्जदाराची पात्रता कोणी व कोणत्या निकषांवर ठरविली, हेही तपासणे आवश्यक ठरते.