अतिरिक्त भाषा म्हणून इंग्रजी (इंग्लंडमधील शाळा)

घरी इंग्रजीखेरीज अन्य भाषा कानांवर पडणाऱ्या मुलांना शाळेत इंग्रजी शिकवण्याची आणि त्याच वेळी इंग्रजीतून इतर विषय शिकवण्याची इंग्लंडमधील व्यवस्था. आद्याक्षरांवरून ती ‘ईएएल’ या नावाने ओळखली जाते. अनेक मुलांची इंग्रजी ही तिसरी किंवा चौथी भाषा असल्याने ‘दुसरी भाषा’ हा जुना शब्दप्रयोग मागे पडला. जानेवारी २०२४ च्या शालेय गणनेत अशा मुलांचे प्रमाण २०.८ टक्के होते. लंडनमधील न्यूअम व टॉवर हॅम्लेट्स या भागांत ते निम्म्याहून अधिक आहे. गणनेत फक्त घरची भाषा पाहिली जाते. त्यामुळे नुकतेच आलेले अफगाण मूल आणि लेस्टरमध्ये जन्मून दोन्ही भाषा सहज बोलणारे गुजराती मूल एकाच रकान्यात मोजले जाते.

पूर्वपीठिका : राष्ट्रकुल देशांतून आलेल्या कुटुंबांची मुले १९६० च्या दशकात शाळांत मोठ्या संख्येने येऊ लागली. एका शाळेत स्थलांतरित मुले सुमारे एक तृतीयांशाहून अधिक नसावीत, असे १९६५ च्या सरकारी परिपत्रकाने सुचवले. त्यानुसार साउथॉल, ब्रॅडफर्ड येथील मुलांना बसने दूरच्या शाळांत पाठवले जाई. १९६६ च्या स्थानिक शासन कायद्यातील कलम ११ मुळे जादा शिक्षकांसाठी केंद्रीय निधी मिळू लागला. लीड्स येथील प्रकल्पातून १९६९ मध्ये ‘स्कोप’ ही पाठमाला निघाली. अनेक ठिकाणी मात्र या मुलांना स्वतंत्र भाषाकेंद्रांत बसवून, इंग्रजी आल्यावरच नेहमीच्या वर्गात घेण्याची पद्धत होती.

अ‍ॅलन बुलक समितीच्या १९७५ च्या अहवालाने भाषेची जबाबदारी प्रत्येक विषयशिक्षकावर टाकली. लॉर्ड स्वॉन समितीच्या १९८५ च्या अहवालाने स्वतंत्र केंद्रांना विरोध केला.

कॅल्डरडेल चौकशी : पश्चिम यॉर्कशरमधील कॅल्डरडेल प्रशासनाच्या शाळाप्रवेश पद्धतीची वंशसमानता आयोगाने चौकशी केली; अहवाल १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवेशाच्या वेळी आशियाई कुटुंबांतील मुलांची इंग्रजीची चाचणी घेतली जाई. त्यात न टिकणाऱ्यांची रवानगी भाषाकेंद्रांत किंवा वेगळ्या वर्गांत होई. तेथे अभ्यासक्रम तोकडा होता आणि इंग्रजी बोलणारे सवंगडीही नव्हते. ही व्यवस्था १९७६ च्या वंशसंबंध कायद्यानुसार अप्रत्यक्ष भेदभाव ठरते, असा निष्कर्ष आयोगाने काढला. या निष्कर्षाचे महत्त्व कायद्यापुरते नाही. भाषा आधी आणि शिक्षण नंतर, ही विभागणीच त्याने मोडीत काढली. मूल इंग्रजी शिकते ते काहीतरी शिकता शिकता, बरोबरीच्या मुलांत बसून. त्याला बाहेर ठेवले की भाषाही मागे राहते आणि विषयही. पुढील धोरणात नेहमीचा वर्ग हेच भाषेचे स्थान मानले गेले.

समन्वयक : शाळेतील या कामाचे नेतृत्व बहुधा ईएएल समन्वयकाकडे असते. या पदासाठी स्वतंत्र पात्रता बंधनकारक नाही. नव्या मुलाची घरची भाषा, लिपी आणि आधीचे शालेय शिक्षण यांची नोंद घेणे हे पहिले काम. भाषेची अडचण म्हणजे अध्ययनातील अडचण नव्हे, हा फरक करणे याहून महत्त्वाचे. तो चुकला तर हुशार मूल मंद ठरते. गप्पांपुरती इंग्रजी साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा आत्मसात व्हायला पाच ते सात वर्षे लागतात, असे द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांचे प्रतिपादन आहे. मैदानावर फडाफड बोलणारे मूल उदाहरणात का अडते, याचा उलगडा त्यातून होतो. गणितात ‘डिफरन्स’ म्हणजे वजाबाकीचे उत्तर. रोजच्या बोलण्यातला ‘फरक’ तेथे कामी येत नाही. असे शब्द पाठाआधी हेरणे, वाक्यांचे साचे देणे, चित्रे व तक्ते तयार करणे ही कामे समन्वयक विषयशिक्षकाच्या जोडीने करतो. दोघांनी मिळून पाठ आखणे व घेणे याला ‘भागीदारी अध्यापन’ म्हणतात. समन्वयक एकटाच मुलांना कोपऱ्यात घेऊन शिकवू लागला, तर भाषाकेंद्र शाळेच्या आतच उभे राहते. त्याच्या कामाचे खरे माप इतर शिक्षकांच्या तासाला लागते.

निधी व मूल्यमापन : कलम ११ ची जागा १९९० च्या दशकाअखेरीस वांशिक अल्पसंख्य संपादणूक अनुदानाने घेतली, २०११ मध्ये ते सर्वसाधारण शालेय निधीत विलीन झाले. इंग्रजीची पातळी ‘ए’ ते ‘ई’ अशा श्रेणींत कळवणे २०१६ मध्ये सुरू झाले, २०१८ मध्ये थांबले.

मातृभाषा : स्वॉन समितीने मातृभाषांचे जतन मुख्यतः त्या त्या समाजांकडे सोपवले. याविषयी मतभेद आहेत.

महाराष्ट्र : मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० मध्ये सुरू झाला. इंग्रजी येथे विषय आहे, इंग्लंडमध्ये माध्यम. म्हणून थेट तुलना योग्य नाही. खरे साम्य दुसरीकडे आहे. गोंडी किंवा कोरकू बोलणारे मूल मराठी शाळेत पाऊल टाकते, तेव्हा त्याच्यासाठी मराठी हीच अतिरिक्त भाषा असते आणि तिची जबाबदारी प्रत्येक विषयशिक्षकावर येते.